वसाहतकाळातील थरोब्रेड वळू घोडे आणि शेतकऱ्याची घोडी : हिंदुस्थानातील ब्रिटिश अश्वपैदास धोरणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

रेल्वे आणि मोटार यांचा प्रसार होण्यापूर्वी सैन्याची हालचाल, तोफांची ओढ, टपाल आणि अधिकाऱ्यांची फिरती या सर्व बाबी घोड्यावर अवलंबून होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात राज्यविस्तार केला तेव्हा तिला पायदळासाठी शिपाई येथेच मिळाले. परंतु घोडदळासाठी लागणारे उंच, मजबूत घोडे मात्र पुरेशा संख्येने मिळेनात. या अडचणीवर उपाय म्हणून प्रथम कंपनीने आणि नंतर ब्रिटिश सरकारने उत्तम जातीचे नर घोडे बाहेरून आणून ते पैदाशीसाठी उपलब्ध करून देण्याचे धोरण स्वीकारले. या घोड्यांत इंग्लंडमधील थरोब्रेड घोड्यांना मानाचे स्थान होते.

हे धोरण १७९० च्या दशकापासून विसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या स्वरूपांत चालू राहिले. त्यावर मोठा खर्च झाला, नामांकित तज्ज्ञ नेमले गेले, आयोग बसले. तरीही हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्य घोड्यांच्या बाबतीत कधीही स्वयंपूर्ण होऊ शकले नाही. याच काळात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या तरुण वसाहतीत तशाच थरोब्रेड घोड्यांपासून इतकी पैदास झाली की, ती वसाहत हिंदुस्थानला घोडे निर्यात करू लागली. एकाच रक्ताचे घोडे दोन वसाहतींत गेले आणि परिणाम मात्र परस्परविरोधी आले, असे का घडले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) थरोब्रेड या जातीची घडण आणि तिला वसाहतकाळात मिळालेले महत्त्व स्पष्ट करणे.
२) हिंदुस्थानातील सरकारी अश्वपैदास धोरणाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
३) न्यू साउथ वेल्समधील अनुभवाशी त्याची तुलना करणे.
४) या धोरणाच्या मर्यादित यशाची कारणे शोधणे व त्याचा शेतकऱ्यावर झालेला परिणाम मांडणे.

थरोब्रेड : नोंदवहीतून घडलेली जात

थरोब्रेड ही इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत शर्यतीसाठी घडविण्यात आलेली घोड्यांची जात होय. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन पौर्वात्य घोडे या जातीचे मूळ पुरुष मानले जातात. आज जगातील प्रत्येक थरोब्रेड घोड्याची पितृपरंपरा या तिघांपैकी एकापर्यंत पोहोचते. त्यातही सुमारे ९५ टक्के नरांची परंपरा एकट्या डार्ली अरेबियनकडे जाते.

या जातीचे वेगळेपण केवळ वेगात नसून लेखी वंशावळीत आहे. जेम्स वेदरबी यांच्या 'जनरल स्टड बुक' या नोंदवहीचा प्रास्ताविक खंड १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर घोड्याचे मोल ठरविताना त्याच्या अंगलटीइतकेच त्याच्या बापाचे, आजोबांचे आणि आईचे नाव महत्त्वाचे ठरू लागले. पैदाशीच्या हंगामात घोड्याची जाहिरात देताना त्याचा रंग, उंची, वंश, मुक्कामाचे ठिकाण, घोडी फळविण्याचे शुल्क, मोतद्दाराचे वेगळे शुल्क आणि बाहेरगावाहून आलेल्या घोडीच्या चराईचा दर हा सर्व तपशील छापण्याची पद्धत इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत रूढ झाली.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या जातीचे मूळ नर पौर्वात्य असले तरी तिच्या मूळ घोड्या कोणत्या होत्या, याकडे परंपरागत इतिहासाने फारसे लक्ष दिले नाही. अलीकडील जनुकीय अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, थरोब्रेडच्या मातृपरंपरेत ब्रिटन आणि आयर्लंड येथील स्थानिक घोड्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे ही जात केवळ बाहेरून आलेल्या नरांनी घडविली नाही. स्थानिक घोडीच्या पायावर ती उभी राहिली. तथापि एकोणिसाव्या शतकातील प्रशासकांच्या मनावर 'उत्तम बाप म्हणजे उत्तम संतती' हा विचार बिंबला होता. त्यांचे हिंदुस्थानातील धोरण याच विचारावर आधारलेले होते.

पुसा येथील प्रयोग आणि विल्यम मूरक्रॉफ्ट

बंगाल सरकारने १७९० च्या दशकात बिहारमधील पुसा येथे अश्वपैदास केंद्र सुरू केले. केंद्राचे नर घोडे आसपासच्या जमीनदारांच्या व रयतेच्या ताब्यातील घोड्यांसाठी उपलब्ध करून द्यावयाचे आणि जन्मलेल्या शिंगरांपैकी पसंत पडतील ती सरकारने ठरावीक दराने विकत घ्यावयाची, असे या व्यवस्थेचे सर्वसाधारण स्वरूप होते. अपेक्षित दर्जाचे घोडे मात्र फारच कमी निपजले. म्हणून १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट यांना केंद्राचे अधीक्षक म्हणून पाचारण करण्यात आले. फ्रान्समधील लियाँ येथील पशुवैद्यकीय शाळेत शिकलेले ते पहिले इंग्रज पशुवैद्य होत.

मूरक्रॉफ्ट यांनी केंद्राची पाहणी करून दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. पहिली, परिसरातील घोड्या लहान चणीच्या होत्या. दुसरी, घोड्यांना पुरेसा व योग्य चारा मिळत नव्हता. त्यांनी पुसा येथे ओट या चाऱ्याच्या पिकाची मोठ्या प्रमाणावर लागवड केली, तबेल्यांची व्यवस्था सुधारली आणि अधिक उंच, दणकट पैदाशीची जनावरे मिळविण्यासाठी मध्य आशियाकडे दृष्टी वळविली. १८१२ मध्ये ते हिमालय ओलांडून मानसरोवरापर्यंत गेले. १८१९ मध्ये सुरू केलेल्या दुसऱ्या प्रवासात लडाख, काश्मीर, अफगाणिस्तान असा मार्ग आक्रमीत ते १८२५ मध्ये बुखारा येथे पोहोचले. परंतु ज्या तुर्कमान घोड्यांसाठी हा खटाटोप केला ते त्यांना अपेक्षेप्रमाणे मिळाले नाहीत. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

मूरक्रॉफ्ट यांचे निदान मूलगामी होते. केवळ नर बदलून पैदास सुधारत नाही, घोडी आणि तिचा चारा यांचाही विचार करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. परंतु त्यांच्यानंतरच्या धोरणात नराला असलेले प्राधान्य कायम राहिले. अखेरीस अवाढव्य खर्चाच्या मानाने मिळणारे घोडे फारच थोडे आहेत, हे लक्षात आल्यावर १८७० च्या दशकात जुने पैदास खाते बंद करण्यात आले. पुसा येथील त्याच मालमत्तेवर १९०५ मध्ये देशातील अग्रगण्य कृषी संशोधन संस्था स्थापन झाली, ही गोष्ट या संदर्भात नमूद करण्यासारखी आहे.

भीमथडीचा घोडा आणि मुंबई इलाखा

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला वेगळे महत्त्व आहे. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत तयार होणारा भीमथडी घोडा हा मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होता. चणीने लहान, पण काटक, कमी चाऱ्यावर निभावणारा आणि लांबची मजल मारणारा अशी त्याची ख्याती होती. कोकणातील बंदरांतून आलेल्या अरबी व इराणी घोड्यांचे रक्त त्यात मिसळले होते. मात्र हे मिश्रण एखाद्या खात्याच्या आदेशाने झाले नव्हते. शिलेदार स्वतःच्या घोड्यासह चाकरीस येत असे, तर बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळत असे. शिलेदाराची चाकरी आणि मानमरातब त्याच्या घोड्यावर अवलंबून असल्यामुळे चांगली घोडी राखणे हे त्याच्या हिताचे होते. थोडक्यात, घोडीला गावातच मोल होते.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि हे मोल घसरले. हजारो स्वारांची चाकरी संपली, पागा मोडल्या, घोड्यांची मागणी आटली. त्यानंतर मुंबई सरकारने शिरूर परिसरातील आलेगाव येथे पैदास केंद्र चालवून पाहिले. परंतु ते टिकले नाही. मुंबई हे अरबी घोड्यांचे मोठे बाजारकेंद्र असल्यामुळे इराणी आखातातून येणारे घोडे विकत घेणे मुंबई इलाख्याच्या सैन्याला अधिक सोयीचे वाटले. शासनाला भाषेपुरता मात्र मराठ्यांचा वारसा उपयोगी पडला. 'शिलेदार' हा शब्द इंग्रजी लष्करी परिभाषेत 'सिलादार' म्हणून रुळला आणि स्वार आपला घोडा स्वतः पुरवितो अशा पलटणींची व्यवस्था पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत चालू राहिली.

न्यू साउथ वेल्स : त्याच रक्ताचा वेगळा इतिहास

हिंदुस्थानातील प्रयत्न रखडत असताना ब्रिटिशांच्या दुसऱ्या एका वसाहतीत काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. १७८८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये पहिली वसाहत झाली तेव्हा केप येथून आणलेले अगदी मोजके घोडे तेथे उतरविण्यात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेला रॉकिंगहॅम हा तेथील पहिला थरोब्रेड घोडा मानला जातो. त्यानंतरच्या प्रारंभीच्या प्रभावी घोड्यांत हेक्टर नावाच्या अरबी घोड्याची गणना होते. तो हिंदुस्थानातून तेथे गेला होता. १८१० मध्ये सिडनी येथे पहिली अधिकृत शर्यत झाली आणि १८२० च्या दशकात स्टीलट्रॅप, स्केलेटन, इमिग्रंट यांसारखे थरोब्रेड घोडे आयात झाले.

येथे घोडा देणारे सरकार नव्हते. घोड्याचा मालक खाजगी जमीनदार असे. तो वृत्तपत्रात जाहिरात देई. घोडीचा मालक स्वतःच्या निवडीने शुल्क भरून घोडी फळवून घेई. जन्मलेल्या शिंगराला स्थानिक बाजार होता, कारण प्रचंड अंतरे कापण्यासाठी, मेंढ्या व गुरे राखण्यासाठी प्रत्येक मळ्यावर घोडे लागत. घोड्या विस्तीर्ण कुरणांवर मोकळ्या चरत असल्याने संगोपनाचा खर्च अत्यल्प होता. अर्थात ही कुरणे रिकामी नव्हती. तेथील आदिवासी समाजांना त्यांच्या भूमीवरून हुसकावूनच ती वसाहतवाल्यांच्या हाती आली होती. स्वस्त घोड्यामागे फुकट मिळविलेली जमीन होती, हे या यशाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

केप, अरबी, तिमोर येथील तट्टे आणि ओढकामाच्या जाती अशा संमिश्र वंशाच्या घोड्यांवर थरोब्रेड नर वापरून तेथे जो काटक घोडा तयार झाला, तो हिंदुस्थानात 'वेलर' या नावाने ओळखला जाऊ लागला. न्यू साउथ वेल्स या नावातील शेवटच्या शब्दावरून बनलेले हे नाव १८४० च्या दशकात येथे रूढ झाले. १८३० च्या दशकापासून कलकत्ता, मद्रास आणि पुढे मुंबई या बंदरांत वेलर घोडे उतरू लागले. १८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याची संख्या वाढविण्यात आल्यावर ही आयात अधिकच वाढली.

१८७६ नंतरची योजना : वळू सरकारचा, घोडी रयतेची

जुने पैदास खाते बंद झाल्यावर १८७६ मध्ये नवी व्यवस्था अमलात आली. तिचे प्रमुख जे. एच. बी. हॅलन हे मुंबई सैन्यातील पशुवैद्य होते. पुणे येथे १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यकीय शाळा त्यांनीच सुरू केली होती. नव्या योजनेनुसार सरकारने घोड्या बाळगण्याचे काम सोडून दिले आणि केवळ नर घोडे पुरविण्याची जबाबदारी घेतली. थरोब्रेड, नॉरफोक ट्रॉटर आणि अरबी असे नर निवडक जिल्ह्यांत ठेवण्यात आले. अधिकाऱ्यांनी तपासून पसंत केलेल्या घोडीस डाग देण्यात येई आणि अशा घोडीला सरकारी घोडा विनामूल्य मिळे. शिंगरू मालकाचे राही व ते कोणासही विकण्याची त्यास मुभा असे. जत्रा व प्रदर्शने भरवून बक्षिसे देण्यात येत आणि लष्कराचे खरेदी अधिकारी तेथे घोडे पाहत. निकृष्ट समजल्या गेलेल्या स्थानिक नरांना खच्ची करण्यावरही भर देण्यात आला.

वरकरणी ही योजना उदार दिसते. परंतु तिचे आर्थिक गणित तपासल्यास वेगळे चित्र समोर येते. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. जन्मलेले शिंगरू लष्कराच्या कामास येण्यासाठी आणखी सुमारे चार वर्षे पोसावे लागते. म्हणजे सरकारी घोडा फुकट मिळाला, तरी शेतकऱ्याने सुमारे पाच वर्षांची खोराकी स्वतःच्या पदरची घालावयाची आणि शेवटी खरेदी अधिकाऱ्याने उंची, हाडपेर किंवा पाय यांत दोष काढून जनावर नाकारले, तर होणारे नुकसानही स्वतःच सोसावयाचे. याउलट त्याच चाऱ्यावर वाढविलेला गोऱ्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षी औताला जुंपता येत असे आणि तो नाकारणारा कोणी अधिकारी नव्हता. घोड्याकडे शेतकऱ्याने पाठ फिरविली ती अज्ञानामुळे नव्हे, तर हिशेबामुळे.

मर्यादित यशाची कारणमीमांसा

या धोरणाला अपेक्षित यश का आले नाही, याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) घोडीकडे झालेले दुर्लक्ष : घोड्याची उंची ४ इंचांच्या मुठीने मोजली जाते. थरोब्रेड घोडा सुमारे १६ मुठींचा, तर अनेक भागांतील देशी घोड्या त्याहून बऱ्याच लहान. अशा संकरातून निपजलेली शिंगरे लांब पायांची, अरुंद छातीची आणि हलक्या हाडांची होतात, अशी तक्रार होत असे. यामागील शास्त्रीय कारण पुढे स्पष्ट झाले. केंब्रिज येथील वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवाढव्य शायर आणि छोट्या शेटलंड या दोन जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्ही संकरांत रक्ताचे प्रमाण सारखेच होते. तरीही शायर आईच्या पोटी जन्मलेल्या शिंगरांचे जन्मवजन शेटलंड आईच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट भरले आणि हा फरक पुढील वाढीतही पूर्णपणे भरून निघाला नाही. आई केवळ निम्मे रक्त देत नाही. ती गर्भाशय आणि दूधही देते. आपल्याकडील 'खाण तशी माती' ही म्हण हेच सांगते.

२) चारा आणि जागा : न्यू साउथ वेल्समध्ये शिंगरू कुरणावर धावत वाढे. हिंदुस्थानातील लागवडीखालील प्रदेशांत मोकळी कुरणे कमी होती आणि शेतांना कुंपणे नव्हती. त्यामुळे शिंगराला लहानपणापासून अगाडी-पिछाडी लावून बांधून ठेवावे लागे. परिणामी पायांत दोष निर्माण होत. अधिकाऱ्यांनी यास मालकांची वाईट सवय म्हटले. वस्तुतः ती जागेची टंचाई होती. दुष्काळात तर माणूस आणि बैल यांच्यानंतरच घोड्याचा क्रम लागे.

३) बाजाराचे स्वरूप : उंच घोड्याचे मोठे गिऱ्हाईक सैन्य हेच होते आणि त्या गिऱ्हाइकाला वेलर घोड्याचा पर्याय उपलब्ध होता. स्थानिक प्रवासासाठी व टांग्यासाठी लोकांना तट्टू पुरेसे होते. ते कमी खाई आणि लवकर कामास येई. सरकारला हवा असलेला घोडा आणि समाजाला हवा असलेला घोडा या दोन भिन्न गोष्टी होत्या.

४) रोगराई : १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबच्या सरहद्दीवर घोडे व उंट यांना होणाऱ्या 'सर्रा' या रोगाचे जंतू रक्तात शोधून काढले. घोड्यांतील अशा रोगांचे महत्त्व लक्षात घेऊन १८८९ मध्ये पुणे येथे जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. परंतु प्रयोगशाळेतील ज्ञान खेड्यातील घोडीपर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागणार होता.

५) उद्दिष्टांतील विसंगती : थरोब्रेड घोडा थोड्या अंतरातील वेगासाठी घडविलेला होता. घोडदळाला मात्र ओझे घेऊन दिवसेंदिवस चालणारा, मिळेल त्या चाऱ्यावर टिकणारा घोडा हवा होता. हे गुण भीमथडी, काठेवाडी, मारवाडी अशा देशी जातींत होते. उणीव होती ती उंचीची. उंची वाढविण्याच्या नादात या जातींचे गुण जपण्याकडे लक्ष राहिले नाही.

झेलम वसाहत : घोडीची दखल, पण कोणत्या अटीवर?

१९००-०१ मध्ये अश्व व खेचर पैदाशीच्या प्रश्नावर आयोग नेमण्यात आला आणि १९०३ मध्ये लष्करी घोड्यांसाठी स्वतंत्र रिमाउंट खाते अस्तित्वात आले. तोपर्यंत केवळ नर घोडे देऊन भागत नाही, ही बाब शासनाला पटलेली होती. त्याच सुमारास पंजाबमध्ये झेलम नदीच्या कालव्यामुळे शाहपूर जिल्ह्यातील विस्तीर्ण पडीक जमीन लागवडीखाली येत होती. तेथे वसणाऱ्या शेतकऱ्यांना जमीन देताना सरकारने अट घातली की, जमीनधारकाने खात्याने पसंत केलेली घोडी बाळगावी, ती सरकारी घोड्यास दाखवावी आणि शिंगरावर सरकारचा पहिला हक्क मान्य करावा. ही पद्धत 'घोडीपाल' या नावाने प्रसिद्ध आहे.

अखेर घोडीची दखल घेतली गेली, ती अशा रीतीने. अटीचा भंग झाल्यास जमीन जाण्याचे भय होते. घोडी पोसण्याइतकी जमीन अखंड राहावी म्हणून या जमिनीचा वारसा एकाच वारसाकडे जावा, असा नियम करण्यात आला. सर्व मुलांत जमीन वाटण्याची ज्यांची रूढी होती, अशा शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठाच आघात होता. एका मुलाला जमीन आणि इतरांना काही नाही, अशी स्थिती निर्माण झाली. भावाभावांत वैर आले. शिवाय घोडीची अट असेपर्यंत धारकास पूर्ण मालकी हक्क मिळत नव्हता. १९०७ मध्ये पंजाबात कालवा वसाहतींच्या कायद्याविरुद्ध जे प्रखर आंदोलन झाले त्याचा मुख्य रोख चिनाब वसाहतीशी निगडित होता. आणि त्या विधेयकास व्हाइसरॉय मिंटो यांनी संमती नाकारली. तथापि शेतकऱ्याच्या वारसा हक्कात सरकारने हात घालू नये, ही त्यातील भावना झेलमच्या घोडीपालांनाही तितकीच लागू होती. त्यांच्या घोड्या मात्र बंधनातच राहिल्या.

१८७६ ची योजना शेतकऱ्याला आमिष दाखविणारी होती, तर घोडीपाल पद्धत त्याला बांधून घालणारी होती. दोहोंत एक साम्य आहे. घोडा कोणता असावा हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडे राहिला आणि तो वाढविण्याचा भार शेतकऱ्याकडे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून घोडदळाच्या पलटणींना रणगाडे व मोटारी देण्यात येऊ लागल्या आणि ज्या गरजेसाठी ही संपूर्ण व्यवस्था उभारली गेली होती ती गरजच ओसरली.

निष्कर्ष

१) थरोब्रेड घोड्यांचा हिंदुस्थानातील मर्यादित प्रभाव हा त्या घोड्यांचा दोष नव्हता. त्याच जातीच्या नरांनी न्यू साउथ वेल्समध्ये उपयुक्त पैदास दिली. फरक घोडी, कुरण आणि बाजार या तीन घटकांत होता.

२) न्यू साउथ वेल्सचे यश हे केवळ खाजगी उद्यमाचे फळ नव्हते. मूळ रहिवाशांकडून बळकावलेल्या जमिनीचा त्यात निर्णायक वाटा होता. म्हणून तो अनुभव हिंदुस्थानसाठी आदर्श म्हणून मांडता येत नाही.

३) मराठाकालीन व्यवस्थेत घोडी राखणाऱ्याला चाकरी, उत्पन्न आणि प्रतिष्ठा मिळत असल्यामुळे पैदास आपोआप टिकून होती. १८१८ नंतर हा आधार गेला आणि त्याची जागा सरकारी वळू घोडा घेऊ शकला नाही.

४) विनामूल्य सेवा म्हणजे खर्चाचा अभाव नव्हे. सरकारी नर विनामूल्य असला तरी पाच वर्षांचे संगोपन आणि नकाराची जोखीम शेतकऱ्यावरच राहिली.

५) घोडीचे महत्त्व ओळखल्यानंतरही शासनाने शेतकऱ्यास भागीदार न मानता जमिनीच्या अटीने बांधले, त्यामुळे पैदासविषयक प्रश्नाचे रूपांतर वारसा आणि मालकी यांच्या प्रश्नात झाले.

समारोप

वसाहतकालीन अश्वपैदाशीचा इतिहास हा बहुतांशी नर घोड्यांच्या नावांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सरकारी नोंदींतही नराचे नाव, वंश आणि किंमत सापडते. खेड्यातील घोडी मात्र केवळ डागाने ओळखली जाते आणि तिचा मालक एखाद्या आकड्याने. या इतिहासाकडे घोडीच्या आणि ती पोसणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने पाहिल्यास धोरणांच्या यशापयशाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आज या विषयाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. पुण्याच्या परिसरात शर्यतीसाठी थरोब्रेड घोड्यांची पैदास होते आणि तिला स्वतःचा संपन्न बाजार आहे. दुसरीकडे, ज्या भीमथडी घोड्यास एकोणिसाव्या शतकात अपुऱ्या उंचीमुळे दुय्यम लेखले गेले, त्याची २०२३ मध्ये स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंदणी झाली आहे. धनगर आणि इतर पशुपालक समाजांनी आपल्या भटकंतीत ओझ्यासाठी ही घोडी सांभाळली म्हणून ती टिकली. तिच्या संवर्धनाची योजना आखताना उत्तम नर उपलब्ध करून देणे आवश्यक आहेच. परंतु घोडी पाळणाऱ्याला चराईची जागा, उपचाराची सोय आणि जनावराचे योग्य मोल मिळते काय, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे. पुसा ते झेलम या दीर्घ प्रवासाचा हाच बोध होय.